सहल हे निमित्त: युवक सेवेत नव्यानं आलेल्यांसाठी

चर्चच्या पाळकांनी बोलावून सांगितलं, "तरुण संघातली तेरा ते अठरा वयाची मुलं आता तुम्ही बघा," आणि तुम्ही हो म्हणून बसलात. मग पहिला विचार सुचतो तो सहलीचा. विचार चांगलाच आहे. फक्त नवे सेवक ती कार्यक्रम म्हणून काढतात: ठिकाण, गाडी, खेळ, गीतं, संदेश, शेवटी सगळ्यांचा फोटो. दिवस मजेत जातो. पुढच्या रविवारी मुलं पुन्हा मागच्या बाकांवर, तुम्ही पुढे, आणि मधलं अंतर होतं तेवढंच.

या वयाची मुलं वेळापत्रकात लिहिलेल्या "मनमोकळ्या गप्पा : ४ ते ५" या तासाला मन मोकळं करत नाहीत. ती बोलतात ते गाडीची वाट बघताना, भांडी घासताना, चढ चढून दम लागल्यावर, सगळे झोपायला गेले आणि एकट्याला झोप येत नाही तेव्हा. कार्यक्रम हे त्या अधल्यामधल्या वेळापर्यंत पोचायचं निमित्त असतं. पुढची सगळी तयारी हे डोक्यात ठेवूनच सांगितली आहे.

१. ठिकाणाआधी नावं

बायबलमध्ये मार्क ३:१४ मध्ये येशूनं बारा शिष्यांना का नेमलं ते सांगताना पहिलं कारण येतं ते हे, की त्यांनी त्याच्याबरोबर असावं. उपदेशाला पाठवण्याची गोष्ट त्याच्यामागून येते. युवक सेवेचा क्रम इथेच ठरलेला आहे.

म्हणून सहलीच्या महिनाभर आधी वही घ्या आणि मुलांची नावं लिहा. नावापुढे शाळा किंवा कॉलेज, घरी कोण कोण असतं, आणि एक अशी गोष्ट जी त्या मुलाला आवडते आणि त्यानं स्वतः तुम्हाला सांगितली आहे. तिसरा रकाना कुणाकुणाचा रिकामा राहतो, ते बघा. तीच मुलं सहलीत तुमच्या नजरेतून निसटणार आहेत. गंमत म्हणजे हा रकाना बहुतेकदा शांत आणि शहाण्या मुलांचा रिकामा असतो. दंगा करणाऱ्यांबद्दल आपल्याला सगळं माहीत असतं.

रकाने भरायला मुलं जिथे असतात तिथे जावं लागतं. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जिम रेबर्न यांनी यंग लाइफ ही संस्था सुरू केली, ती याच कल्पनेवर: मोठ्यांनी मुलांची चर्चमध्ये वाट बघत बसू नये, त्यांच्या मैदानावर जावं. तुम्हाला संस्था काढायची नाही. एखाद्या मुलीचा सामना असेल तर परवानगी विचारून बघायला जा, पाठीमागे उभे राहा, संपल्यावर "छान खेळलीस" म्हणा आणि घरी या. तिथे प्रार्थनेला बोलावू नका. ती ओळख सहलीच्या दिवशी उपयोगी पडते.

२. कुठे जायचं

पहिली सहल एका दिवसाची ठेवा. मुक्कामाची घाई नको. मुक्कामाला जबाबदारी अनेक पटींनी वाढते, आणि जी मुलं तुम्हाला दिवसा ओळखत नाहीत ती रात्री तुमचं ऐकणार नाहीत.

ठिकाण निवडताना एकच प्रश्न विचारा: इथे दोन माणसांना शेजारी शेजारी, काहीतरी करत, अर्धा तास घालवता येईल का? पायी भटकंती या कसोटीला उत्तम उतरते. चालताना कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, हात-पाय गुंतलेले असतात, गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही. सिनेमा सगळ्यात कमी उपयोगाचा, कारण अंधारात सगळे समोर बघत बसतात. न्यायचाच असेल तर नंतर एकत्र खाण्याला सिनेमाइतकाच वेळ ठेवा. करमणुकीच्या पार्कबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण तिथल्या रांगा मात्र सोन्यासारख्या. पाऊण तास कुणी कुठे जाऊ शकत नाही.

माझी स्वतःची पहिली पसंती मात्र कामाच्या सहलीला. चर्चचा हॉल रंगवणं, एखाद्या वृद्ध सभासदाचं अंगण साफ करून देणं, आश्रमातल्या मुलांसाठी खेळणी दुरुस्त करणं. खर्च थोडा येतो. खेळात मागे पडणारं मूल इथे अचानक कामाचं ठरतं. आणि हातात ब्रश असलेल्या पोराला तुम्ही "कसं चाललंय?" विचारलंत तर तो भिंतीकडे बघत खरं उत्तर देतो.

पैशांची गोष्ट आधीच मिटवा. "ज्यांना परवडत नाही त्यांनी येऊन भेटावं" अशी घोषणा कधीही करू नका. परवडत नसलेलं मूल येऊन भेटत नाही, ते "मला त्या दिवशी काम आहे" म्हणतं. वर्गणी कमी ठेवा, चर्चच्या मंडळीकडून उरलेली रक्कम गोळा करा, आणि कुणी किती दिले हे एकाच मोठ्या माणसाला माहीत असू द्या. घरी नवे बूट किंवा बॅग घ्यायला लागेल अशी सामानाची यादी पाठवू नका.

३. परवानगी आणि सुरक्षितता

हा भाग नव्या सेवकांना कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात पालकांचा विश्वास इथेच कमावला किंवा घालवला जातो, आणि पालकांचा विश्वास नसेल तर मुलाशी जुळलेलं नातं सहा महिनेही टिकत नाही.

प्रत्येक मुलासाठी पालकांची लेखी संमती घ्या. त्या कागदावर हे हवं: कुठे, कसे, कधी जाणार आणि परतणार, सोबत कोण मोठी माणसं आहेत, मुलाची ॲलर्जी, आजार, चालू औषधं, तातडीला लागणारे दोन फोन नंबर, फोटो काढायला आणि ते लावायला हो की नाही. संमतीपत्रांची एक प्रत तुमच्याजवळ, एक मागे घरी असलेल्या जबाबदार माणसाकडे. ॲलर्जीसाठी इंजेक्शन किंवा दम्यासाठी पंप लागणारं मूल असेल तर ते औषध मुलाच्या जवळच राहू द्या, गाडीच्या डिकीत नको, आणि ते कसं वापरायचं हे किमान दोघा मोठ्यांना येऊ द्या.

किती मोठी माणसं लागतात? ब्रिटनमधली एन. एस. पी. सी. सी. ही बालसंरक्षण संस्था १३ ते १८ वयोगटासाठी दर १० मुलांमागे किमान १ प्रौढ असं प्रमाण सुचवते, आणि गट कितीही लहान असला तरी किमान दोन प्रौढ असावेत असं सांगते. सहल पाण्याजवळ किंवा डोंगरात असेल तर याहून जास्त न्या. गटात मुलगे आणि मुली दोन्ही असतील तर मोठ्यांमध्येही पुरुष आणि स्त्रिया दोन्ही हव्यात. एकोणीस वर्षांचा उत्साही "दादा" मदतीला घ्या, पण मोजताना त्याला प्रौढांत धरू नका. त्याला अजून कुणीतरी बघावं लागतं.

बाकीचे नियम थोडक्यात, पण यांत सूट नाही. सोबत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची चौकशी मंडळीनं आधीच केलेली असावी, आणि तुमच्या देशाचा कायदा पडताळणीचा दाखला मागत असेल तर तो हवा. कुणीही मोठा माणूस कुठल्याही एका मुलाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत एकटा राहणार नाही. बोलायचं तर सगळ्यांना दिसेल अशा जागी, पण ऐकू जाणार नाही इतकं दूर; कट्ट्याचं टोक, मैदानाची कड, दार उघडं असलेली खोली. मुलांना खासगी मेसेज रात्री करू नका, आणि मेसेज आपोआप पुसले जाणारी सोय वापरू नका. मुक्काम असेल तर मोठे आणि मुलं वेगळे झोपतात.

पाण्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक सेवकाला माहीत हवी. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते गप्पपणे खाली जातं. म्हणून पाण्याशी असताना एक मोठा माणूस फक्त बघत उभा राहतो. त्याच्या हातात फोन नसतो, तो गप्पा मारत नाही, आणि अर्ध्या तासानं त्याची जागा दुसरा घेतो. वीज कडाडायला लागली तर पाणी आणि उघडं मैदान सोडून पक्क्या इमारतीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

आणखी एक, जे संमतीपत्रात बहुतेक लोक लिहीत नाहीत. सहलीला मुलं आपल्या मित्र-मैत्रिणींना आणतात, त्यात दुसऱ्या धर्माची किंवा कुठलाच धर्म न मानणारी मुलंही असतात. त्यांच्या आईवडिलांना आधीच स्वच्छ शब्दांत सांगा: ही ख्रिस्ती मंडळीची सहल आहे, प्रार्थना होईल, बायबलमधला एक उतारा वाचला जाईल, तुमच्या मुलावर कसलीही सक्ती होणार नाही. हे लपवून नेलेलं मूल आणि फसवलेले पालक, दोन्ही ख्रिस्ताच्या नावाला शोभत नाहीत.

४. वेळापत्रकात भोकं पाडा

आता कागद घ्या आणि दिवसाचा आराखडा लिहा. लिहून झालं की त्यातला एक तृतीयांश खोडा. सगळ्यात आधी खोडायची ती "आणखी एक खेळ" ही ओळ.

जेवण लवकर उरकायची गोष्ट समजू नका. ते मुलांकडूनच वाढून घ्या, उष्टं-खरकटं त्यांच्याबरोबर काढा. भांड्यांच्या पाळीवर मोठ्या माणसाचंही नाव असावं, आणि त्यानं खरोखर भांडी घासावीत. देखरेख करणाऱ्या माणसाशी कुणी बोलत नाही. शेजारी साबणात हात बुडवलेल्या माणसाशी बोलतात. योहान २१ मध्ये पुनरुत्थित प्रभू शिष्यांना भेटतो तेव्हा आधी किनाऱ्यावर विस्तव पेटवून न्याहारी तयार ठेवतो. पेत्राला "तू माझ्यावर प्रेम करतोस का?" हा अवघड प्रश्न तो तीनदा विचारतो तो न्याहारी झाल्यानंतर.

संदेश किंवा मनन दहा-बारा मिनिटांचं पुरे. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये प्रेषित पौल त्रोवस शहरात मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण डुलक्या घेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो वाचला, पण तिथे पौल होता. तुम्ही बारा मिनिटांत थांबा.

मुक्काम असेल तर झोपेकडे दुर्लक्ष करू नका. १३ ते १८ वयाच्या मुलांना दर रात्री ८ ते १० तास झोप लागते, आणि या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. त्यांना रात्री उशिरा झोप येते आणि पहाटे उठवत नाही. पहाटे पाचची प्रार्थना ठेवून मग "आजकालच्या मुलांना भक्ती नको" म्हणणं अन्यायाचं आहे. प्रार्थना न्याहारीनंतर ठेवा. मागच्या रात्री दोनला झोपलेली मुलं दुपारी भांडतात, रडतात, आणि संध्याकाळी गीतांच्या वेळी पुन्हा रडतात. ते दुसरं रडणं आपण उगाचच पवित्र आत्म्याचं काम समजतो, त्यातला बराच भाग जागरणाचा असतो.

५. गाडीत बसताना

सेवक मंडळी गाडीत पुढे एकत्र बसतात, कारण त्यांनाही बऱ्याच दिवसांनी एकमेकांना भेटून बरं वाटलेलं असतं. मोठ्यांना आधीच सांगून ठेवा: दोघं शेजारी बसायचे नाहीत. एक पुढे, एक मध्ये, एक अगदी मागे. परतीच्या प्रवासात जागा बदला.

अम्माऊसच्या वाटेवर, लूक २४ मध्ये, येशू त्या दोन शिष्यांना गाठतो तेव्हा आधी विचारतो की तुम्ही चालता चालता कशाबद्दल बोलत आहात. ते थबकतात, खिन्न होतात, मग सगळं सांगतात. तो ऐकून घेतो. शास्त्र उलगडून सांगणं त्यानंतर सुरू होतं. यरुशलेम ते अम्माऊस हे अंतर साधारण ११ किलोमीटर धरलं जातं, म्हणजे दोन-तीन तासांची चाल. तुमच्याकडेही साधारण तेवढाच प्रवास आहे.

मोजणी. निघताना, प्रत्येक थांब्यावर, परत गाडीत बसल्यावर. नुसता आकडा मोजू नका, नावं घ्या. आकडा बरोबर येऊनही दुसऱ्याच गटातलं मूल गाडीत असू शकतं. बारा वर्षांचा येशू वल्हांडणानंतर यरुशलेमातच राहिला तेव्हा मरीया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, कारण तो सोबतच्या लोकांमध्ये असेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. तो तीन दिवसांनी सापडला. तुम्ही गृहीत धरू नका.

फोनबद्दल मी मध्यममार्गी आहे. सगळ्यांचे फोन काढून घेतले की पहिला तास भांडणात जातो आणि लाजाळू मुलाची लपायची एकमेव जागाही जाते. जेवताना, मनन चालू असताना आणि पाण्याजवळ फोन बंद, हा नियम पुरतो. तो मोठ्यांनाही लागू. आणि मूल फोनवर काही दाखवायला आलं तर बघा. ते गाणं तुम्हाला गोंगाट वाटला तरी पूर्ण ऐका आणि विचारा, "यात तुला काय आवडतं?"

६. बोलायचं काय

"अभ्यास कसा चाललाय?" हा प्रश्न मुलं दिवसभर ऐकतात. त्याचं उत्तर "ठीक" आहे आणि ते उत्तर ऐकून मोठ्यांचं समाधान होतं. त्याऐवजी मुलाच्या समोर चाललेल्या गोष्टीतून प्रश्न काढा. बॅगेवर काही लावलं असेल तर, "हे कुठून आणलंस?" चप्पल तुटली असेल तर, "थांब, बघू दे." शाळेबद्दल विचारायचंच असेल तर, "तुमच्या वर्गात सगळ्यात विचित्र शिक्षक कोण?" हे चालतं. एक प्रश्न, मग थांबा. तुम्हाला शांतता असह्य होते म्हणून तुम्ही दुसरा प्रश्न टाकता, आणि मूल पहिल्याचं उत्तर जुळवत असतं ते तसंच राहतं.

सल्ला देण्याची घाई आवरा. एखादी मुलगी म्हणाली, "ताई, मला आता चर्चमध्ये काही वाटतच नाही," तर तिला बायबलमधलं वचन शोधून देऊ नका. "कधीपासून?" एवढंच विचारा. ती बोलत राहिली तर, "आणि पूर्वी काय वाटायचं?" शंका बोलून दाखवणारं मूल मंडळीपासून दूर जातंय असं नेहमी नसतं. कितीतरी मुलं शंका मनातच ठेवून निमूट निघून जातात. जे तुमच्यापाशी येऊन बोललं ते अजून जवळ आहे. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि "मी पाळकांना विचारून तुला सांगतो" म्हटलंत तर खरंच विचारून सांगा.

तुम्ही त्यांच्या वयाचे होण्याचा प्रयत्न करू नका. त्यांचे शब्द तुमच्या तोंडी विचित्र वाटतात आणि त्यांना ते लगेच कळतं. मुलांना अजून एक मित्र नको असतो, मित्र त्यांना पुष्कळ असतात. त्यांना न घाबरणारा, न ओरडणारा, आणि उद्याही इथेच असणारा मोठा माणूस हवा असतो.

चेष्टेला मर्यादा घाला. उंची, रंग, वजन, आवाज फुटणं, मुरुम, कुणाचं कुणाशी जमतंय, यांवर विनोद होणार नाहीत. सगळ्यात जास्त चुकतात ते लोकप्रिय सेवक. सगळे हसतात म्हणून त्यांना वाटतं मजा चालली आहे. ज्याच्यावर विनोद झाला तोही हसतो, आणि पुढच्या सहलीला येत नाही.

कडेला उभ्या राहणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर "ये ना, खेळ ना!" असं ओढू नका. त्याला काम द्या. गुण लिहायला बसव, पाण्याच्या बाटल्या मोजायला लाव, कॅमेरा दे. कामाचं निमित्त असलं की कडेला उभं राहणं अवघड होत नाही, आणि दहा मिनिटांनी तुम्ही सहज शेजारी जाऊन उभे राहू शकता. खेळ निवडताना हरणारा आधी बाद होऊन बसून राहतो असे टाळा. खेळायची सगळ्यात जास्त गरज असलेलं मूल त्यात सगळ्यात आधी बाद होतं.

इटलीतल्या तुरीनमध्ये १८४१ पासून गरीब आणि कामकरी मुलांमध्ये राहिलेले पाद्री जॉन बॉस्को या विषयातले जुने जाणकार. ते मुलांना पायी लांबच्या सहलींना नेत. १८८४ मध्ये रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांचं म्हणणं असं होतं, की मुलांवर प्रेम असणं पुरेसं नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळलंही पाहिजे. आणि खेळाच्या वेळी मोठी माणसं मुलांतून उठून बाजूला जाऊन आपापसांत बोलत बसली की ते कळणं थांबतं. सहलीत दुपारी अंपायरिंग दुसऱ्यावर ढकलून सावलीत बसावंसं वाटेल, तेव्हा हे पत्र आठवा. दोन मिनिटं बसा हवं तर. मग उठा.

७. गंभीर गोष्ट कानावर आली तर

हे कधीतरी होईलच, आणि बहुतेकदा अगदी चुकीच्या वेळी. सगळे गाडीत बसत असताना किंवा रात्री उशिरा. एखादं मूल सांगेल की घरी मारतात, कुणीतरी नको तसा हात लावतं, किंवा जगावंसं वाटत नाही.

बहुधा सुरुवात अशी होते: "दादा, कुणाला सांगणार नाही ना?" इथे "नाही सांगणार" असं वचन देऊ नका. म्हणा, "तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल तर मला मदत करणाऱ्या माणसाला सांगावं लागेल. पण तुझ्या पाठीमागे चर्चा करणार नाही, आणि कुणाला सांगतोय ते तुला आधी सांगेन." बहुतेक मुलं तरीही बोलतात. मग ऐका. धक्का चेहऱ्यावर येऊ देऊ नका. उलटतपासणी करू नका, मुलाच्या तोंडून घटना वदवून घेऊ नका, "मग काय झालं?" पुरे. "तू सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझी चूक नाही," हे म्हणा. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि मंडळीनं बालसंरक्षणासाठी नेमलेल्या माणसाला त्याच दिवशी कळवा. तसा माणूस नेमलेला नसेल तर तो नेमला जाईपर्यंत सहल काढू नका. कायद्यानं पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवणं भाग असेल तर ते मंडळीच्या अब्रूसाठी अडवायचं नसतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला तुम्ही स्वतः जाऊन विचारू नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. जगावंसं वाटत नाही असं मूल म्हणालं तर "खरंच मरून जावं असं वाटतं का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. त्या मुलाला एकटं सोडू नका, आणि पालक व डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्यापर्यंत पोचवा. पालकांकडूनच धोका असेल तर आधी बालसंरक्षण यंत्रणा. मुलाबरोबर प्रार्थना नक्की करा. पण प्रार्थना केली म्हणून फोन करायचा राहिला, असं होऊ देऊ नका.

मुक्कामाच्या शेवटच्या रात्री विस्तवाभोवती ख्रिस्ताला स्वीकारण्याच्या निर्णयासाठी हात वर करायला लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मी ती करत नाही. थकलेली, भावनेनं भरलेली, मित्र बघत असलेली मुलं हात वर करतात आणि घरी गेल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटते. ज्याला बोलायचं असेल त्यानं उद्या न्याहारीनंतर भेटावं, असं सांगा. खरी हाक सकाळपर्यंत टिकते.

८. परतल्यावर

सहल संपल्यावरचा आठवडा सहलीइतकाच महत्त्वाचा आहे आणि नवे सेवक तो झोपण्यात घालवतात. झोपा, पण आधी दोन गोष्टी करा.

त्याच रात्री वहीत लिहा, कोणी काय सांगितलं: गुरुवारी गणिताचा पेपर, आजीचं ऑपरेशन, नव्या शाळेची भीती. खासगी गोष्टी इथे नावासकट लिहू नका, वही हरवते. मग गुरुवारी संध्याकाळी पालकांना माहीत असलेल्या गटात किंवा रविवारी समोरासमोर विचारा, "पेपर कसा गेला?" मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्याही संदेशानं उमटणार नाही. १ थेस्सलनीकाकरांस २:८ मध्ये पौल लिहितो की आम्ही तुम्हाला सुवार्ताच नव्हे तर आमचे जीवही द्यायला तयार होतो. व्यवहारात त्याची सुरुवात अशा आठवणीनं ठेवलेल्या पेपरपासून होते.

दुसरी गोष्ट, सोबत गेलेल्या मोठ्यांनी तासभर एकत्र बसा. नावांची यादी वाचा आणि प्रत्येक नावाला विचारा: या मुलाशी आपल्यापैकी कोण बोललं? सगळी मुलं एकाच लोकप्रिय ताईशी बोललेली निघाली तर ते यश समजू नका. ती ताई नोकरीनिमित्त दुसरीकडे गेली की सगळी मुलं एकदम पोरकी होतात. शिवाय एखादं मूल फक्त एकाच मोठ्या माणसाला चिकटलं असेल तर ते त्या दोघांच्याही भल्याचं नाही; पुढच्या वेळी त्या मुलाला दुसऱ्या सेवकाच्या गटात घाला. मंडळीतल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांना त्याचं नाव माहीत होईल असं बघा.

पालकांनाही कळवा, प्रत्येकाला एक खरी आणि चांगली गोष्ट. "तुमच्या मुलानं आज चढावर धाकट्या मुलीची बॅग घेतली." मुलानं विश्वासानं सांगितलेलं यात येऊ देऊ नका.

यादी वाचताना ज्यांच्यापुढे कुणाचंच नाव आलं नाही ती तीन-चार मुलं, आणि जी सहलीला आलीच नाहीत ती, यांची नावं वेगळ्या पानावर काढा. पुढच्या सहलीची तारीख ठरवायच्या आधी त्यांच्या घरी जायचं आहे, दोघांनी मिळून, आईवडिलांना कळवून. सहलीचे फोटो सोबत नेऊ नका.